सर्व्हरचा मदरबोर्ड बदलायचाय? आधी कागद-पेन घ्या

‘मदरबोर्ड गेलाय’ असं इंजिनिअरनं सांगितलं, की समोर टॉवेल कारखानदार असो, हॉस्पिटलचा डॉक्टर असो की पतसंस्थेचा मॅनेजर, पुढचा प्रश्न ठरलेला: "किती वेळ लागेल?" याचं खरं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. जुना बोर्ड काढून नवा बसवायला सरावलेल्या हाताला दोन-तीन तास पुरतात. पण सगळे कॉम्प्युटर पुन्हा त्या सर्व्हरला जोडले जाऊन बिलं, पावत्या, रिपोर्ट पूर्वीसारखे निघायला आणखी तासभर लागेल की तीन दिवस, हे पहिला स्क्रू सोडण्याआधी तुम्ही काय केलंय त्यावर ठरतं.

कारण सर्व्हरच्या बोर्डावर नुसती सर्किटं नसतात, मशीनची ओळखही तिथंच असते. सिरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग, नेटवर्क पोर्टांचे कायमचे ओळख-नंबर म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस, बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंग, दुरून मशीन सांभाळणाऱ्या चिपचं लायसन, डिस्क कुलूपबंद केलेली असेल तर त्या कुलपाची किल्ली. बोर्ड गेला की हे बहुतेक सगळं त्याच्याबरोबर जातं आणि नेटवर्कमधली बाकीची मंडळी मात्र जुन्याच ओळखीनं हाका मारत राहतात. यंत्रमागावर बीम, म्हणजे उभ्या सुताचा रूळ, संपला की नव्या बीमचं एकेक टोक जुन्याला सांधतात. टोकं चुकीची सांधली तरी माग चालतो, दोष नंतर कापडात दिसतो. इथंही तेच होतं. सर्व्हर चालू झालेला दिसतो, सगळे घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन सुरू होतात.

बोर्डच गेलाय, हे कशावरून?

बोर्ड हा महागडा आणि बदलायला सर्वात जास्त वेळखाऊ पार्ट. त्यामुळे संशय त्याच्यापर्यंत सर्वात शेवटी पोचायला हवा. प्रत्यक्षात मशीन चालू होईना की पहिलं नाव बोर्डाचंच निघतं.

सर्व्हर आजारी पडला तरी बराच वेळ बोलत असतो, फक्त ऐकणारा हवा. जवळपास प्रत्येक सर्व्हरमध्ये एक छोटा स्वतंत्र कॉम्प्युटर असतो. त्याला बीएमसी म्हणतात. डेलवाले त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईवाले आयएलओ, लेनोवोचा एक्सक्लॅरिटी. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, बहुतेक वेळा स्वतःचा लॅन पोर्ट असतो आणि मुख्य मशीन बंद असलं तरी नुसती पॉवर केबल लावलेली असेल तर तो जागा असतो. ब्राउझरमधून त्याच्या पानावर गेलं की लॉग दिसतो: अमुक वेळी अमुक स्लॉटमधल्या रॅमला दुरुस्त न होणारी चूक आली, अमुक पॉवर सप्लायचा पुरवठा तुटला, प्रोसेसर दोनचं व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं. कित्येक ठिकाणी या पोर्टला केबलच लावलेली नसते. पोर्ट रिकामा, मशीन बंद, आणि मग अंदाज बांधत बसायचं.

लॉगमध्ये रॅमची तक्रार असेल तर ती पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी खराब. चूक त्याच स्लॉटवर राहिली तरी लगेच बोर्डाला दोषी धरू नका, कारण रॅमचा कंट्रोलर आता प्रोसेसरच्या आत असतो. दोन प्रोसेसर असतील तर त्यांची अदलाबदल करून पाहायची. तरीही चूक जागची हलली नाही, तर मग बोर्ड किंवा त्यावरचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा.

मशीन पूर्ण मेलेलं असेल तर उलट्या बाजूनं जायचं. एक पॉवर सप्लाय, पहिला प्रोसेसर, त्याच्या पहिल्या स्लॉटमध्ये एक रॅम, बाकी सगळं बाहेर: कार्डं, रायझर (कार्डं ज्यात बसतात तो जोड-बोर्ड), डिस्क, पेन ड्राइव्ह. एवढ्यावर मशीन उठलं तर दोष बाहेर काढलेल्या सामानात आहे. एकेक परत लावत गेलं की तो सापडतो. उठलंच नाही, पॉवर सप्लाय आणि रॅम बदलूनही नाही, तर आता बोर्डाचं नाव घ्यायला हरकत नाही.

आणि बोर्ड गेलाच असेल तर तो का गेला, हेही नवा लावण्याआधी पाहा. सोलापुरात मला दोन गोष्टींचा संशय आधी येतो. एक म्हणजे अर्थिंग. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या वर जात असेल तर आधी खड्ड्यात पाणी आणि मग मशीनमध्ये बोर्ड. दुसरी गोष्ट तूस. कारखान्याच्या ऑफिसात ठेवलेल्या सर्व्हरचं झाकण उघडलं की हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांवर कापसाच्या तुसाचा थर बसलेला असतो, टॉवेलच्या कारखान्यात तर हमखास. हवा आत जात नाही, पंखे कायम ओरडत असतात आणि बोर्डावरचे व्होल्टेज सांभाळणारे भाग तापत राहतात. ती जागा न बदलता नवा बोर्ड लावला तर तोही त्याच वाटेनं जाणार.

कोणता बोर्ड, आणि लावायचा कुणी

मॉडेल तेच असून भागत नाही, पार्ट नंबर जुळला पाहिजे. एकाच मॉडेलच्या बोर्डाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात आणि जुन्या आवृत्तीला नव्या पिढीचा प्रोसेसर ओळखता येईलच असं नाही. बोर्डावरच्या स्टिकरवर पार्ट नंबर असतो, कंपनीच्या साइटवर सर्व्हिस टॅग टाकूनही मिळतो.

मशीन वॉरंटीत असेल तर स्वतः हात घालू नका. बहुतेक कंपन्या रॅम, डिस्क, पंखा, पॉवर सप्लाय ग्राहकाला बदलू देतात, सिस्टिम बोर्ड मात्र त्यांच्याच प्रशिक्षित माणसानं बदलायचा असतो. तो माणूस पुण्याहून येणार, म्हणजे अडीचशे किलोमीटर. त्यामुळे पार्ट आणि माणूस एकाच दिवशी पोचताहेत ना, हे फोन करून पक्कं करा. पार्ट आला आणि माणूस नाही, किंवा माणूस आला आणि पार्ट कुरिअरच्या गोदामात, हे दोन्ही प्रकार नेहमीचे आहेत.

वॉरंटी संपलेली असेल तर वापरलेला बोर्ड पुण्यातून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवला जातो. संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं कुणाच्या तरी हाती तो रात्री सोलापुरात पोचतोही. मागवण्याआधी विकणाऱ्याकडून प्रोसेसर सॉकेटचा जवळून काढलेला, स्पष्ट फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरा विक्रेता शोधा.

बंद करण्याआधी लिहून ठेवायच्या गोष्टी

या कामाचा गाभा हाच आहे, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

पहिली गोष्ट बॅकअप. बॅकअप आहे, असं सगळेच म्हणतात. त्यातून एखादी फाइल परत काढून उघडून पाहिली आहे का, हा खरा प्रश्न. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा सर्व्हर बसला तर गेटबाहेर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि तेव्हा बॅकअपची परीक्षा घ्यायला कुणालाच वेळ नसतो. ती परीक्षा हंगाम सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते.

दुसरी गोष्ट डिस्कचं कुलूप. सर्व्हरवर बिटलॉकर हे विंडोजचं डिस्क-कुलूप चालू असेल तर त्याची किल्ली बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये जपलेली असते. बोर्ड बदलला की नवी चिप ती किल्ली देऊ शकत नाही आणि विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्क ठणठणीत असूनही डेटा गेल्यात जमा. जुनी टीपीएम काढून नव्या बोर्डावर लावू, हा मार्गही बंद आहे. डेलच्या सर्व्हरमध्ये तर ती छोटी पट्टी ज्या बोर्डावर बसवली त्याच्याशी बांधली जाते आणि काढली की पुन्हा वापरता येत नाही. म्हणून मशीन अजून चालू होत असेल तर बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करा आणि ती ४८ आकडी की कागदावर लिहून घ्या.

कागद म्हटलं की लोक हसतात. "कागद कशाला ओ, टेक्स्ट फाइल केलीय की सगळ्याची." फाइल कुठं आहे, असं विचारलं की उत्तर येतं, "सर्व्हरवर." कुलपाची किल्ली कुलपाच्या आत ठेवण्याचा हा प्रकार इतका सर्रास आहे, की मी हा प्रश्न आता न चुकता विचारतो.

एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं व्हीएमवेअर वापरणाऱ्यांनी एक जास्तीचं काम करायचं. त्यांच्या ईएसएक्सआय या प्रोग्रॅमच्या ७.० अपडेट २ पासून त्याची स्वतःची सेटिंग एन्क्रिप्ट केलेली असतात आणि टीपीएम चालू असेल तर त्यांची किल्ली टीपीएममध्ये बंद असते. नव्या बोर्डावर ते उठायला रिकव्हरी की लागते. ती चालू मशीनवर एका कमांडनं मिळते, मेलेल्या मशीनवर मिळत नाही.

यानंतर बायोसची पानं. बूट मोड यूईएफआय आहे की जुना लेगसी, सिक्युअर बूट चालू की बंद, व्हर्च्युअलायझेशन चालू की बंद, डिस्क कंट्रोलर कोणत्या मोडमध्ये, बूट होण्याचा क्रम. प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा, इथं फोटोच बरा. बायोस आणि बीएमसीचं फर्मवेअर (चिपमधला प्रोग्रॅम) कोणत्या आवृत्तीचं आहे, तेही त्यातच येऊ द्या. मग नेटवर्क: प्रत्येक पोर्टचा मॅक अ‍ॅड्रेस, त्याला दिलेला आयपी, गेटवे, डीएनएस आणि कोणती केबल स्विचच्या कोणत्या पोर्टात जाते ते.

शेवटी लायसनं. हिशोबाची, डिझाइनची कित्येक सॉफ्टवेअर मशीनच्या हार्डवेअरशी बांधलेली असतात. टॅलीमध्ये लायसन सरेंडर करण्याची सोय आहे. मशीन चालू असतानाच ते सरेंडर करून ठेवलं तर नव्या बोर्डावर पुन्हा चालू करणं सोपं जातं. बाकीच्या सॉफ्टवेअरवाल्यांना आदल्या दिवशी एक फोन करून विचारा, कारण रविवारी ते फोन उचलत नाहीत आणि बोर्ड नेमका रविवारीच बदलायचा असतो.

मशीन आधीच पूर्ण मेलं असेल तर? मग जे बाहेर मिळतं ते गोळा करायचं. सर्व्हिस टॅग किंवा सिरियल नंबर सर्व्हरच्या पुढच्या बाजूला, बहुधा बाहेर ओढायच्या छोट्या पट्टीवर असतो. मॅक आणि आयपी राउटरच्या किंवा स्विचच्या यादीत सापडतात. बिटलॉकरची की ऑफिसच्या नेटवर्कमधल्या मध्यवर्ती यादीत, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत साठवली जात असेल तर तिथं मिळते. बायोसची सेटिंग मात्र बहुतेक वेळा आठवणीनंच भरावी लागतात.

उन्हाळा, नायलॉनचा शर्ट आणि चादर

आता हातांचं काम, आणि त्यातला न दिसणारा शत्रू म्हणजे अंगावरची स्थिर वीज. दाराच्या मुठीला हात लावल्यावर चटका बसतो, तो साधारण ३,००० व्होल्ट झाल्यावरच आपल्याला जाणवतो. बोर्डावरच्या काही नाजूक भागांना मात्र १०० व्होल्टसुद्धा जास्त होतात. म्हणजे आपल्याला कळलंही नाही अशा स्पर्शानं चिप दुखावू शकते. वाईट हे, की ती लगेच मरतेच असं नाही. आज चालते आणि महिन्या-दोन महिन्यांनी विनाकारण हँग व्हायला लागते. मग शिव्या नव्या बोर्डाला बसतात.

हवा जितकी कोरडी तितकी ही वीज जास्त साठते आणि एप्रिल-मेमधली सोलापूरची हवा, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना, किती कोरडी असते ते सांगायला नको. कापड धंद्यातल्या लोकांना हे नवीन नाही. विणकामाच्या शेडमध्ये हवेत मुद्दाम ओलावा राखतात तो सूत तुटू नये म्हणून, आणि कोरड्या हवेत धाग्यांवर साठणारी हीच वीज कमी राहावी म्हणूनही.

उपाय साधा आणि स्वस्त आहे: मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा. त्याच्या वायरमध्ये १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो, त्यामुळे अंगावरची वीज हळूहळू जमिनीत जाते आणि चुकून चालू वायरला हात लागलाच तर जिवावर बेतत नाही. म्हणून रेझिस्टर नसलेली साधी वायर मनगटाला गुंडाळायचा जुगाड करू नका. पट्ट्याचं दुसरं टोक सर्व्हरच्या रंग नसलेल्या धातूला लावा. टेबलावर अँटिस्टॅटिक मॅट असेल तर उत्तमच. ती नसली की सोलापुरी माणसाला टेबलावर चादर किंवा टॉवेल अंथरून त्यावर बोर्ड ठेवायचा मोह होतो. मऊ असतं, बोर्डाला ओरखडे पडत नाहीत, सगळं खरं. पण त्याचं तूस सॉकेटमध्ये जातं आणि ते अर्थला जोडलेलंही नसतं. नव्या बोर्डाच्या खोक्यातली पिशवी त्यापेक्षा बरी. नायलॉनचा किंवा टेरिकॉटचा शर्ट घालून हे काम करू नका, सुती चालेल.

उघडल्यावर

मशीन नीट शटडाउन करा. दोन्ही पॉवर केबल काढा. दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरची एकच केबल काढून बंद झाला समजणारे लोक आहेत. केबल काढल्यावर पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. बोर्डावरचे सगळे दिवे विझले की मगच आत हात.

मशीन नीट बंद न होता मध्येच पडलं असेल तर रेड कार्डाच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाच्या) बाबतीत जास्त जपा. लिहायचा राहिलेला डेटा त्या कार्डाच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, असू शकतो आणि त्याची छोटी बॅटरी तो सांभाळत असते. कार्ड बॅटरीसकट काढा, दोघांना वेगळं करू नका.

भरलेला दोन यूचा (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप) सर्व्हर तीस किलोपर्यंत जातो. रॅकमधून काढताना दुसरा माणूस हवाच. डिस्क काढणार असाल तर प्रत्येकीवर मास्किंग टेप लावून शून्य, एक, दोन असे खाचेचे नंबर लिहा. झाकण आणि हवा वळवणारं प्लास्टिक काढलं की हात घालण्याआधी वरून, दोन्ही बाजूंनी, फ्लॅश लावून फोटो. कोणती केबल कुठून कशी वळवून नेली आहे, हे दोन तासांनी आठवत नाही. आतल्या रंगांकडेही बघा. अनेक कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये नारिंगी किंवा तांबूस रंगाची मूठ असलेला पार्ट मशीन चालू असताना काढता येतो, निळी असलेला मशीन बंद करूनच.

मग पंखे, रायझर, कार्डं, पॉवर सप्लाय, रॅम. रॅमच्या पट्ट्या ज्या स्लॉटमधून काढल्या त्याच स्लॉटमध्ये परत जायला हव्यात, म्हणून त्या क्रमानंच मांडून ठेवा.

आता सगळ्यात नाजूक जागा. २०१७ पासूनच्या इंटेल झिऑन स्केलेबलच्या पहिल्या पिढ्यांत सॉकेटचं नाव एलजीए ३६४७, म्हणजे ३,६४७ पिना. पुढच्या पिढ्यांत ४,१८९ आणि ४,६७७. या पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. केसाहून थोड्याच जाड, तिरक्या, एकमेकींना खेटून उभ्या. त्यातली एक वाकली तर कधी एका रॅम चॅनेलमधल्या पट्ट्या गायब होतात, कधी एक कार्ड दिसेनासं होतं, कधी मशीन उठतच नाही. बोटाचं टोक, पट्ट्याचा हूक, पुसायचं कापड, काहीही पिना वाकवू शकतं.

म्हणून क्रम पाळा. जुन्याला हात लावण्याआधी नव्या बोर्डाचं खोकं उघडा, सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण अलगद काढा आणि टॉर्च तिरका धरून सगळ्या बाजूंनी बघा. सरळ पिना एकाच दिशेनं, एकसारख्या चमकतात. वाकलेली पिन त्या ओळीत वेगळी चमकते किंवा तिच्या जागी काळा ठिपका दिसतो. काही वेगळं दिसलं तर तिथंच थांबा, फोटो काढा, विकणाऱ्याला पाठवा. प्रोसेसर बसवल्यानंतर ‘पिना आधीच वाकलेल्या होत्या’ असं सांगितलं तर कुणी ऐकत नाही.

जुन्या बोर्डावरचा हीटसिंक गरम असेल तर थंड होऊ द्या. टी ३० चा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि हीटसिंकवर छापलेल्या क्रमानं स्क्रू सोडा, मनाच्या क्रमानं नाही. या पिढीत प्रोसेसर हीटसिंकला धरूनच वर येतो. तो सरळ वर उचला, तिरका किंवा फिरवून काढू नका. मग एका सॉकेटचं काम पूर्ण करा: प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तूस न सुटणाऱ्या कापडानं पुसा, नवी लावा, कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवून प्रोसेसर नव्या सॉकेटवर टेकवा आणि छापलेल्या क्रमानं आवळा. बऱ्याच सर्व्हरमध्ये हा जोर १२ इंच-पौंड सांगितलेला असतो. टॉर्क स्क्रूड्रायव्हर असेल तर तो वापरा, नसेल तर स्क्रू थांबला की तुम्हीही थांबा. आणि नव्या सॉकेटवरून काढलेलं झाकण लगेच जुन्या सॉकेटवर बसवा. ते का, ते पुढे येतं.

हे नव्या बोर्डावर बाहेर करायचं की बोर्ड आत बसवल्यावर? आत बसवल्यावर. बोर्ड हलवताना वर प्रोसेसर आणि जड हीटसिंक नसलेलाच बरा. तोवर काढलेला प्रोसेसर हीटसिंकसकट उलटा करून मॅटवर ठेवा, सोनेरी ठिपक्यांना बोट लावू नका.

बोर्ड उचलायला त्यावरच मूठ किंवा खुंटी दिलेली असते. रॅमचे स्लॉट मुठीसारखे वापरू नका, ते उपटून येतात. मागचे पोर्ट खोक्याच्या खाचांमधून बाहेर डोकावत असल्यानं बोर्ड आधी थोडा पुढच्या बाजूला सरकवावा लागतो, मग वर येतो. नवा बसवताना बरोबर उलट: पुढच्या बाजूनं खाली, मग मागे, पोर्ट खाचांत बसेपर्यंत. खाली एखादी केबल दाबली जात नाही ना आणि पडलेला स्क्रू राहिला नाही ना, हे बघा. एक सुटा स्क्रू बोर्डाखाली राहिला तर पॉवर देताच नवा बोर्ड जळू शकतो.

पहिली दहा मिनिटं

पॉवर दिली, पंखे पूर्ण वेगानं ओरडले, स्क्रीन काळी. इथं माणसं घाबरतात आणि केबल ओढतात. तसं करू नका. नवा बोर्ड पहिल्यांदा सगळी रॅम तपासून तिच्याशी वेळ जुळवून घेत असतो. रॅम भरपूर असेल तर त्यात कित्येक मिनिटं जातात. चहा मागवा.

मशीन ओळख विचारेल. डेलमध्ये सर्व्हिस टॅग, लायसन आणि सेटिंगची एक प्रत बोर्डाबाहेर वेगळी जपलेली असते, ती परत घ्यायची का असा प्रश्न येतो, हो म्हणा. हाती टॅग टाकावा लागला तर दोनदा वाचून टाका, तो नंतर सहज बदलता येत नाही. एचपीईमध्ये सिरियल नंबर आणि प्रॉडक्ट आयडी सिस्टिम युटिलिटीजमध्ये भरायचा, लेनोवोमध्ये मशीन टाइप आणि सिरियल. हे राहिलं तर पुढच्या वेळी कंपनीला वॉरंटी सापडत नाही.

मग फर्मवेअर पूर्वीच्या किंवा नव्या आवृत्तीवर आणा, फोटो बघून बायोसची सेटिंग भरा. घड्याळ आवर्जून लावा. ते पाच मिनिटांहून जास्त मागे-पुढे असेल तर विंडोजच्या डोमेनमध्ये लॉगिन नाकारली जातात आणि माणसं पासवर्डच्या मागे लागतात. बूट मोड चुकला तर ‘बूट करायला डिस्क नाही’ असा संदेश येतो. डिस्कला काही झालेलं नसतं.

खरा धोक्याचा क्षण मात्र रेडचा. रेडची मांडणी डिस्कवरही लिहिलेली असते. कंट्रोलर नवा असेल तर त्याला ती परकी वाटते आणि तो ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ म्हणतो. समोर दोन पर्याय येतात: इम्पोर्ट आणि क्लिअर. इम्पोर्ट म्हणजे डिस्कवरची मांडणी वाचून घे. क्लिअर म्हणजे ती पुसून टाक. इनिशियलाइज हाही शब्द दिसला तरी त्याच्या वाटेला जाऊ नका. घाई झालेला, जेवलेला नसलेला माणूस इथं एका एंटरमध्ये सगळ्या वर्षाचा हिशोब घालवू शकतो. एकाही डिस्कची जागा बदललेली नाही याची खात्री करा, मग इम्पोर्ट. आणि खात्री नसेल तर काहीच निवडू नका, मशीन बंद करून माहितगाराला फोन करा.

सर्व्हर चालू, नेटवर्क बंद

विंडोज उठलं, सगळे खूश, आणि बाहेरच्या टेबलावरून आवाज येतो, "सर्व्हर सापडेना झालाय." बोर्डावरच्या पोर्टांचे मॅक अ‍ॅड्रेस बदललेत, हे आठवा. विंडोजला ही नवी नेटवर्क कार्डं वाटतात. जुना आयपी अजून जुन्या, आता अस्तित्वात नसलेल्या कार्डाच्या नावावर असतो. नव्याला तोच आयपी देताना तशी सूचनाही येते. लपलेली जुनी कार्डं डिव्हाइस मॅनेजरमधून काढून टाका. हायपर-व्हीचा (विंडोजमधल्या आभासी मशीनांचा) व्हर्च्युअल स्विचही जुन्या कार्डाला बांधलेला असतो, तो नव्याला जोडा. लिनक्समध्ये सेटिंगच्या फाइलमध्ये मॅक लिहिलेला असेल तर तो बदला. राउटरमध्ये मॅकनुसार आयपी राखून ठेवला असेल तर तिथं, फायरवॉलमध्ये नियम असतील तर तिथं, आणि स्विचच्या पोर्टाला जुना मॅक बांधलेला असेल तर तिथंही.

त्या रात्री बॅकअप चालला का, ते दुसऱ्या दिवशी बघा. बॅकअप सॉफ्टवेअरचं लायसनही मशीनशी बांधलेलं असू शकतं आणि ते गप्प बसून नापास होतं. विंडोज पुन्हा अ‍ॅक्टिवेशन मागू शकतं. स्थगित केलेलं बिटलॉकर पुन्हा चालू करायचं राहतं, तेही करा. नव्या टीपीएमसाठी नवी रिकव्हरी की करून घ्या आणि कागदावरची जुनी खोडून नवी लिहा.

उरला जुना बोर्ड. वॉरंटीतला असेल तर तो कंपनीला परत जातो आणि सॉकेटवर झाकण नसेल, पिना वाकलेल्या असतील तर कंपनी त्याचे पैसे मागू शकते. मघाचं झाकण त्यासाठी. नव्या बोर्डाच्याच पिशवीत आणि खोक्यात तो ठेवा आणि दोन्ही सॉकेटचा फोटो कुरिअरला देण्याआधी काढा. त्याच्या बीएमसीत मात्र तुमची यूजर नावं, आयपी, कदाचित मेलचा पासवर्डही साठलेला असतो. बोर्ड थोडा जिवंत असेल तर बीएमसी फॅक्टरी रीसेट करून द्या. पूर्ण मेला असेल तर ते पासवर्ड इकडे, आपल्याकडे बदला, आणि नव्या बीएमसीला जुनाच पासवर्ड देऊ नका.